संकल्प, योजना आणि भाव

यिर्मयाच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे वचन मराठी ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर जितके आढळते तितके दुसरे एखादेच आढळत असेल. गोरेगावात, पूर्वेला पहाडीच्या बाजूपासून पश्चिमेला मोतीलाल नगरच्या गल्ल्यांपर्यंत, प्रार्थनासभेच्या निमित्ताने ज्या ज्या घरांत माझे जाणे झाले त्यांपैकी अनेक घरांत हे वचन मला भेटले आहे. कधी चौकटीत, कधी मंडळीच्या दिनदर्शिकेवर, कधी फ्रिजच्या दारावर. तुमच्याविषयी माझ्या मनात जे आहे ते हिताचे आहे, असे परमेश्वर आपल्या लोकांना सांगतो, असा त्याचा आशय. मात्र गेल्या काही वर्षांत या वचनातला एक शब्द बदलला आहे, आणि भाषेचा व्यवसाय करणाऱ्या माझ्यासारखीला तो बदल नजरेआड करता येत नाही. जुन्या 'पवित्र शास्त्रा'त तेथे 'संकल्प' असा शब्द आहे. अलीकडच्या सोप्या भाषेतील भाषांतरात तेथे 'योजना' आली आहे.

'संकल्प' हा शब्द मराठीला कर्मकांडाकडून मिळाला. तळहातावर पाणी घेऊन, आपले नाव-गोत्र उच्चारून जो करायचा तो संकल्प. त्यात करणारा स्वतः बांधला जातो. ख्रिस्ती भाषांतरकारांनी हा शब्द निःसंकोचपणे उचलला आणि परमेश्वराच्या तोंडी घातला. म्हणजे देवानेच पाणी सोडले आणि देवच बांधला गेला, असा काहीसा ध्वनी त्यात उमटतो. 'योजना' या शब्दाची कुळकथा निराळी. आपल्या कानांना ती पंचवार्षिक असते, अल्पबचतीची असते, मुख्यमंत्र्यांच्या नावाची असते. योजनेला लाभार्थी असतात, अर्ज असतो, अंतिम तारीख असते. गोरेगावकराला तर ती पुनर्विकासाची असते. सिद्धार्थनगर, ज्याला सारे गोरेगाव पत्राचाळ म्हणून ओळखते, तेथील ६७२ कुटुंबांच्या पुनर्विकासाचा करार २००८ साली झाला. घरे रिकामी झाली, चाळ पडली, आणि नव्या घराची वाट पाहण्यात दशकाहून अधिक काळ गेला. काही वृद्ध वाट पाहतापाहताच गेले. अशा उपनगरात राहणाऱ्या माणसाने 'देवाची योजना' हे शब्द नुसत्या भक्तिभावाने ऐकावेत, ही अपेक्षा थोडी जास्तच आहे.

यिर्मयाने हे वाक्य ज्यांना लिहिले त्यांची अवस्था मात्र गोरेगावकरांना परकी वाटू नये. तो अध्याय म्हणजे एक पत्र आहे. नबुखद्नेस्सराने यरुशलेमेहून बाबेलास धरून नेलेल्या लोकांना ते पाठवले होते. त्याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगत होता, की दोन वर्षांच्या आत सारे काही परत येईल. (ताबा दोन वर्षांत, हे आश्वासन इतके जुने आहे.) यिर्मयाचे म्हणणे, सत्तर वर्षे लागतील. तेव्हा घरे बांधा, बागा लावा, त्यांची फळे खा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या परक्या नगरात तुम्हांला नेले आहे त्या नगरासाठी प्रार्थना करा. हे सारे सांगून झाल्यावर ते प्रसिद्ध वचन येते. सत्तर वर्षांचा हिशेब केला तर ज्यांनी ते पत्र प्रथम ऐकले त्यांतले बहुतेक जण परतीचा दिवस पाहण्यापूर्वीच मरणार होते, हे उघड आहे. चौकटीत बसवताना हा संदर्भ गळून पडतो. चौकटीतले वचन 'तू' ला उद्देशून बोलते. पत्रातले वचन 'तुम्हां'ला उद्देशून आहे, आणि त्या 'तुम्हां'त अजून न जन्मलेली नातवंडेही आहेत.

याच यिर्मयाने पुढे आणखी एक चमत्कारिक गोष्ट केली. शत्रूचा वेढा पडलेला, तो स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, देश बुडणार हे त्याचेच भाकीत. आणि अशा वेळी त्याने अनाथोथ गावी चुलतभावाचे शेत सतरा शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतले. खरेदीखत केले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, आणि ते खत पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला लावले. भरवसा या शब्दाचे याहून चांगले चित्र मला ठाऊक नाही. तेथे वजनकाटा आहे, दस्तऐवज आहे, आणि कागद कुजू नये याची काळजीही आहे.

आमचे कुटुंब नगर जिल्ह्यातले. मुंबईत आल्यावर आई महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका झाली आणि तेथूनच निवृत्त झाली. नगरकडच्या ख्रिस्ती घरांतून कितीतरी मुली अशाच परिचारिका आणि शिक्षिका झाल्या. आमच्याकडे आल्यागेल्याला 'सलाम' म्हणण्याची रीत होती. जेवणापूर्वी प्रार्थना, पगारापूर्वी नव्हे पण पगाराच्या दिवशी दशमांश, आणि रात्री खर्चाची वही. त्या वहीत प्रत्येक महिन्याच्या पानावर पहिली ओळ दशमांशाची असे, आणि तिच्याखाली दूध, रॉकेल, लोकलचा पास, कांदे, त्यांच्यापुढे त्या दिवशीचा भाव. नीतिसूत्रांच्या जुन्या भाषांतरात परमेश्वरावर 'भाव ठेवणे' असा प्रयोग आहे. लहानपणी मला हा भाव आणि वहीतला भाव एकच वाटे. पुढे संतवाङ्मय शिकले, शिकवू लागले, 'भाव' या शब्दाच्या छटा फळ्यावर लिहू लागले. तरी ती बालपणीची समजूत पूर्णपणे गेलेली नाही, आणि ती जावी असे मला वाटतही नाही. आईच्या बाबतीत ते दोन भाव खरोखरच एका पानावर होते. रुग्णाला इंजेक्शन देण्यापूर्वी ती मनातल्या मनात प्रार्थना करी आणि मग कुपीवरचे लेबल दोनदा वाची. प्रार्थना केली म्हणून लेबल एकदाच वाचले, असे तिने कधी केले नसावे.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाकडे पाहताना ही वही माझ्या मनात असते. देवावर विसंबून जगण्याची गोष्ट या वाङ्मयात दोन स्त्रियांनी लिहिली आहे. त्यांपैकी पंडिता रमाबाईंना विसंबण्याचा अनुभव ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधी आला होता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान आणि निष्ठावान पुराणिक. दुष्काळ पडला तेव्हा या कुटुंबाने होते नव्हते ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत घातले, उपास केले, क्षेत्रे धुंडाळली. अंगमेहनतीचे काम करणे कुळाला शोभत नव्हते आणि ते कुणी शिकवलेही नव्हते. १८७४ साली आईवडील दोघेही काही महिन्यांच्या अंतराने गेले, पाठोपाठ थोरली बहीणही गेली. रमाबाईंनी हे सारे पुढे लिहिले आहे, आणि आईवडिलांविषयीच्या नितांत प्रेमाने लिहिले आहे.

श्रद्धास्थान बदलले आणि सारे सुरळीत झाले, असा या कथेचा जो अर्थ प्रचारकी पुस्तिकांतून लावला जातो तो मला अपुरा वाटतो. श्रद्धास्थान बदलल्यावरही मृत्यूने रमाबाईंचे घर सोडले नाही. बदल झाला तो विसंबण्याच्या रीतीत. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने शारदासदनाला दहा वर्षे साहाय्य देण्याचे वचन दिले होते, त्याची मुदत १८९८ मध्ये संपणार होती. मुदत संपल्यावर काय, या प्रश्नावर रमाबाईंनी प्रार्थना केली, आणि केडगावला फळबागेसाठी जमीन घेतली. बागा लावा, त्यांची फळे खा, हे यिर्मयाचे पत्र त्यांनी असे वाचले असावे, हा माझा तर्क. पण जमीन घेतल्याची गोष्ट तर्कातली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. पुढे मुक्तिसदनातील स्त्रिया आणि मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. ज्या मुलीने स्वतः दुष्काळात कंदमुळे आणि पाने खाऊन दिवस काढले होते, तिने या मुलींना भजनपूजनाबरोबर विणकाम, शेती, छपाईची कामे शिकवली. हातांना काम येत नसणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते.

आपल्या अक्षय ठेव्याची साक्ष म्हणून रमाबाईंनी १९०७ साली जे लिहिले, त्यात संस्थेपाशी साठवलेला निधी नाही, रोजचे रोज मिळते, असे त्या समाधानाने सांगतात. अवर्षणाच्या काळातील विहिरींची हकीकतही त्यांनी सांगितली आहे : संध्याकाळपर्यंत विहिरी उपसून कोरड्या होत आणि सकाळी पुन्हा पाणी आलेले असे. हा प्रसंग सभांमधून पुष्कळदा सांगितला जातो. सांगणाऱ्याचा भर सकाळच्या पाण्यावर असतो. मला मात्र संध्याकाळची विहीर दिसते. उद्याची खात्री नसताना ती तळापर्यंत उपसली गेली, कारण त्या दिवशी शेकडो तोंडांना पाणी हवे होते. उद्यासाठी राखून ठेवले असते तर ते शहाणपणाचे ठरले असते, आणि कुणीतरी तहानलेले राहिले असते.

दुसरी स्त्री अर्थातच लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी. टिळकांचा देवावरील भरवसा हा कवीचा भरवसा होता. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोहोचलेल्या या माणसाच्या हातात पैसा ठरत नसे, दाराशी आलेला रिकाम्या हाताने जात नसे, आणि घरात काय शिल्लक आहे हे पाहण्याची त्यांना सवय नव्हती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगारही सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. सारे काही देवावर सोपवून मोकळे होण्याचा हा आनंद खराच असला पाहिजे. परंतु देवावर सोपवलेल्या त्या साऱ्यात संध्याकाळचा स्वयंपाकही होता, आणि तो प्रत्यक्षात लक्ष्मीबाईंवर सोपवला गेला होता. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो ते याच जागी. एकाच छपराखाली देव पुरवील म्हणणारा एक जण आणि डब्यात किती उरले ते पाहणारी एक जण. लक्ष्मीबाई नवऱ्याची थट्टा करतात, त्याच्याशी कडाकडा भांडतात, आणि त्याच्या श्रद्धेला कुठेही खोटे म्हणत नाहीत. माझ्या मते त्या घरात भरवसा हा एकट्या टिळकांचा नव्हताच; तो दोघांत मिळून पुरा होत होता, आणि त्यातला जड भाग कुणाकडे होता ते सांगायला नको. टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन'सुद्धा पुढे लक्ष्मीबाईंनीच लिहीत नेले.

'स्मृतिचित्रे' हे 'साक्ष' या प्रकारात बसत नाही, आणि म्हणूनच ते वाङ्मय झाले. साक्ष हा आमच्या मंडळ्यांतला मौखिक वाङ्मयप्रकार आहे. वाङ्मयाच्या इतिहासकारांनी त्याची फारशी दखल घेतलेली नाही. त्याची घडण ठरलेली असते. संकट, हतबलता, प्रार्थना, सुटका. तो भूतकाळात सांगितला जातो आणि सांगणाऱ्याला शेवट माहीत असतो. गोरेगावातल्या प्रत्येक घरसभेत निदान एक साक्ष २६ जुलै २००५ ची निघतेच. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुणी गळ्याएवढ्या पाण्यातून चालत आले, कुणाला अनोळखी माणसाने दोरी टाकली, कुणी रात्रभर बसच्या टपावर स्तोत्रे म्हणत बसले. हे सारे खरे आहे, आणि त्याबद्दल देवाचे आभार मानू नयेत असे कोण म्हणेल? फक्त एक गोष्ट मराठीच्या शिक्षिकेला जाणवते, की साक्ष हा पोहोचलेल्यांचा वाङ्मयप्रकार आहे. त्या दिवशी मुंबईत शेकडो माणसे गेली. त्यांच्यातही प्रार्थना करणारे असतील. त्यांच्या वतीने सभेत उभे राहायला कुणी नसते.

एप्रिल २०२१ मध्ये माझा धाकटा भाऊ करोनाने गेला. एकेचाळीस वर्षांचा होता. त्याच्यासाठी दोन शहरांत साखळी प्रार्थना चालू होती, म्हणजे तासातासाची वाटणी करून दिवसरात्र कुणी ना कुणी प्रार्थनेत असे. डॉक्टरांनी करण्यासारखे सारे केले. नवव्या दिवशी तो गेला. त्या महिन्यात घरी येणे कुणालाच शक्य नव्हते, म्हणून लोक फोन करीत. आणि पाचांतले तीन फोन देवाच्या योजनेपाशी येऊन थांबत. पुढे निर्बंध सैल झाल्यावर मंडळीतल्या एक वयस्क बाई भेटायला आल्या. मायेने आल्या होत्या, यात शंका नाही. आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "सिस्टर, यातही त्याची काहीतरी योजना असेल हो."

आई म्हणाली, "त्याची योजना त्याला ठाऊक. तुम्ही बसा जरा."

त्या बसल्या. बराच वेळ बसल्या, फारसे न बोलता. ईयोबाचे तिघे मित्र त्याला भेटायला येतात तेव्हा पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्दही न बोलता. पुढे ते तोंड उघडतात आणि अध्यायामागून अध्याय देवाच्या न्यायाचे समर्थन करीत राहतात. पुस्तकाच्या अखेरीस देव त्या मित्रांवरच रागावलेला आढळतो. देवाची बाजू मांडणाऱ्यांवर देव रागावतो आणि देवाशी भांडणाऱ्याला बरोबर ठरवतो, ही त्या ग्रंथातली गोष्ट धर्मशिक्षणाच्या वर्गात घाईघाईने उरकली जाते.

आईच्या त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्यात नकार नव्हता. ती आजही उपासनेला जाते, आजही दशमांश काढते. तिने फक्त पुरुष दुरुस्त केला, व्याकरणातल्या अर्थाने. 'यात देवाची योजना आहे' हे विधान प्रथमपुरुषी आहे, असे मला वाटू लागले आहे. रमाबाईंनी ते स्वतःच्या आयुष्याविषयी लिहिले, तेव्हा आईवडील, बहीण, भाऊ, आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा, एवढे सारे गमावून झाले होते. त्यांना तो अधिकार होता. यिर्मयालाही तो होता, कारण वेढ्यात तो आत होता. तेच वाक्य द्वितीयपुरुषी झाले, म्हणजे दुसऱ्याच्या मेलेल्या मुलाविषयी बोलले गेले, की त्यातला भरवसा निघून जातो आणि उरते ते केवळ स्पष्टीकरण. स्पष्टीकरण देणाऱ्याला घरी जाता येते.

मग प्रथमपुरुषात आई ते कधी म्हणाली का, असे कुणी विचारील. माझ्या ऐकण्यात नाही. रात्रीची प्रार्थना ती पूर्वी मोठ्याने करीत असे, आता मनात करते. आमच्याकडे देवाला 'तू' म्हणतात, तेव्हा त्या दोघांत काय बोलणे होते ते मला ठाऊक नाही, आणि ते माझ्यासाठी नाहीही.

वही मात्र चालू आहे. तिचे एप्रिल २०२१ चे पान मी एकदा पाहिले. पहिली ओळ नेहमीप्रमाणे दशमांशाची. खाली दूध, औषधे, ऑक्सिमीटर, रुग्णवाहिका, त्यांच्यापुढे आकडे. काही दिवसांची जागा कोरी. मग पुन्हा दूध, आणि रुग्णालयात भावाच्या शेजारच्या खाटेवर असलेल्या एका उत्तर भारतीय मुलाच्या नावाने पाचशे रुपये. त्याचे माणूस गावाहून पोहोचू शकले नव्हते. तो बरा होऊन गेला असे नंतर कळले. त्या पाचशे रुपयांपुढे आईने कसलाही शेरा लिहिलेला नाही. बेरजेत ते धरले आहेत.